लोणचं घरी कोण नेणार

माझ्या पप्पांनी कुणाकडून काही घेतल्याचं मला आठवत नाही. वाढदिवसाला भेट नाही, लग्नकार्यात आहेर नाही. कुणाकडे गेले तर चहासुद्धा 'आत्ताच झालाय' म्हणून टाळायचे. द्यायला मात्र सगळ्यांच्या आधी पुढे. आई होती तेव्हा म्हणायची, देवाने ह्यांचा हात पालथाच घडवलाय, उताणा होतच नाही. हे ती कौतुकाने म्हणायची की वैतागून, ते मला कधी कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही असावं.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. डोंबिवलीत त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि काळजी करणं हा माझा पूर्णवेळ उद्योग आहे. पप्पांचं ब्लडप्रेशर, त्यांचा गाडी चालवण्याचा हट्ट, गॅस बंद केला की नाही. काळजीला विषय नसेल तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. नवरा म्हणतो, स्वर्गात गेलीस तरी तिथल्या गच्चीला कठडा आहे का ते आधी बघशील.

पप्पा नगरकडून आलेले. मिशनच्या शाळेत शिकले, डोंबिवलीच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागले आणि पुढे तिथेच रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायचा स्वतःचा छोटा कारखाना काढला. माझ्या लहानपणी ते घरी आले की आधी वास यायचा आणि मग पप्पा. सत्तरी उलटल्यावर त्यांनी कारखाना विकला. जागेचे भाव एवढे चढले होते की हातात आलेला पैसा बघून मी घाबरले. पप्पा घाबरले नाहीत. प्रभूने दिलं ते त्याचं त्याला परत करायचं, एवढंच म्हणाले. आणि कल्याणजवळ मोहन्याला एक घर विकत घेतलं.

तिथली रेयॉनची कंपनी बंद पडल्यावर गावाला निघून गेलेल्या एका कुटुंबाचं ते बैठं घर. पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. कल्याण स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर बसणारी, कुष्ठरोगातून बरी झालेली, पण हातापायांची बोटं झडल्यामुळे कुणीही घरात न घेतलेली आठ म्हातारी माणसं पप्पांनी तिथे आणून ठेवली. स्वयंपाकाला आणि देखभालीला एक बाई ठेवली. औषधं, कपडे, पायांच्या जखमा होऊ नयेत म्हणून मऊ रबराच्या खास चपला, सगळं पप्पांचं.

आजूबाजूचे लोक आधी रोगाला घाबरले. एका डॉक्टरांनी येऊन त्यांना समजावलं की ह्यांचा रोग कधीच बरा झालाय, आता कुणाला काही होणार नाही. मग दुसरी कुजबुज सुरू झाली, की ही ख्रिश्चन माणसं ह्यांना बाटवायला आणून ठेवतायत. माझी झोप उडाली. पप्पांनी मात्र पहिल्या दिवसापासून नियम घालून घेतला होता की तिथे भिंतीवर क्रूस लावायचा नाही, जेवणाआधी कुणाला प्रार्थना करायला लावायची नाही, चर्चला बोलवायचं नाही. प्रार्थना ते गाडीत बसून करायचे, मोहन्याच्या वळणावर, इंजिन बंद करून. मी शेजारी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायचे आणि कुणी बघत तर नाही ना, ह्याची काळजी करायचे.

त्या आठांत एक मावशी होती. लातूरकडची, साठीची, कमी बोलणारी. दोन्ही हातांची बोटं निम्म्यावर संपलेली. ती ह्याआधी दोन आश्रमांत राहून पुन्हा पुलावर येऊन बसली होती. का सोडले म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, जिथं मन मोडतं तिथं भाकरी गिळत नाही. त्या दिवसापासून मी मनात तिची वेगळी काळजी करायला घेतली. कधी ती रुसलेली दिसली की माझ्या डोळ्यांसमोर त्या पुलाच्या पायऱ्या यायच्या.

दर शनिवारी आम्ही दोघं मोहन्याला जायचो. मावशी मला चहा द्यायची. पहिला कप मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. डॉक्टरांचं सगळं ऐकलेलं, पटलेलं, तरी घोट घशाशी अडत होता. वर्षभराने मी साखर कमी आहे म्हणून कुरकुर करायला लागले. पप्पा मात्र तिथे पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. मी जेवून आलोय, असं म्हणायचे आणि पिशव्या उतरवायला लागायचे. त्यांना किळस वाटायची, असं अजिबात नाही. मावशीच्या पायाची पट्टी ते स्वतः बदलायचे. पण गरिबाच्या घासातलं घेणं त्यांना पाप वाटायचं.

आमच्या चर्चमध्ये पावसाळा संपला की सुगीचा सण असतो. लोक आपापल्या घरून काहीतरी आणतात, भोपळे, ऊस, कोंबड्या, केक, करंज्या. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे देवाच्या कामाला जातात. ह्या लिलावाची एक रीत आहे. वस्तू घेतलेल्या माणसाने पैसे भरायचे आणि मोठ्याने म्हणायचं, 'परत लिलावाला!' की टाळ्या पडतात आणि तीच वस्तू पुन्हा टेबलावर येते. असा एकेक केक चार-चार वेळा विकला जातो. परत करणं हे मोठ्या मनाचं लक्षण. पप्पा दरवर्षी परत करायचे, पहिला मान त्यांचाच. आई घरी येताना धुसफुसायची, एकदा तरी तो भोपळा घरी आणा, मला भाजी करायचीय. आमच्या घरी सुगीचा भोपळा कधी आला नाही.

हे सगळं मी एका शनिवारी मावशीला गंमत म्हणून सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. भोपळे, कोंबड्या, केक सगळं सांगितलं. परत करायची रीत तेवढी सांगायची राहिली, कारण ती आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली की सांगण्यासारखी वाटलीच नाही.

पुढच्या शनिवारी मावशी म्हणाली, "आम्ही बी लोणचं देणार. झाडाला लिंबं लागलीत."

पप्पा म्हणाले, तुम्ही कशाला, तुमच्याकडून काही नको, आणि लोकांना वाटेल की आम्ही तुम्हाला चर्चला ओढतोय. मावशीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मीच पप्पांच्या मागे लागले. त्यांना स्वतःहून यायचं असेल तर आपण कोण अडवणारे, असं भांडून त्यांना कबूल करवलं. म्हणजे पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडाने झाली.

लोणचं घालायचा दिवस मला अजून दिसतो. मावशीच्या हातांना संवेदना नाही. विळीवर कापलं तरी तिला कळत नाही. म्हणून तिथे कापायचं काम दोघं मिळून करतात. मावशी तळव्याखाली लिंबू दाबून विळीवर फिरवायची, आणि समोर एक आजोबा पाटावर बसून फक्त तिच्या हाताकडे बघायचे. धार जवळ आली की ते 'हां' म्हणायचे आणि ती थांबायची. आजोबांच्या पायांना बोटं नाहीत, पण नजर तीक्ष्ण. तिने हातांना स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. मी शेजारी बसून प्रत्येक लिंबाला श्वास रोखत होते. त्या दिवशी एक ओरखडासुद्धा उठला नाही.

बरणी उन्हात ठेवताना तिने मला विचारलं, "ताई, हे कुणाच्या तरी ताटात पडंल ना?"

"पडेल की," मी म्हटलं. "एखाद्या घरी वर्षभर पुरेल."

बोलून तर गेले. लोणचं खारात मुरत होतं आणि मी काळजीत. बोली कुणी लावलीच नाही तर? मोहन्याचं म्हटल्यावर लोकांनी एकमेकांकडे बघितलं तर? मी रोज वेगवेगळी वाईट कल्पना करून बघत होते. जे खरं झालं ते त्यांत नव्हतं.

सणाच्या दिवशी पप्पांनी गाडी पाठवून मावशीला, आजोबांना आणि त्या आठांतल्याच आणखी एका बाईंना आणवलं. मावशीने नवी साडी नेसली होती आणि पदराखाली हात झाकून घेतले होते. कुठे बसवायचं ह्याचाही मला घोर. मागे बसवलं तर मागे टाकल्यासारखं, पुढे बसवलं तर दाखवायला आणल्यासारखं. शेवटी मधल्या बाकावर बसवून मी शेजारी बसले. आमच्या बाकावरचं एक कुटुंब थोड्या वेळाने उठून पंख्याखाली गेलं. गरम तर खरंच होत होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी येऊन हात जोडून 'जय ख्रिस्त' केलं, मावशीने पदराआडूनच हात जोडले.

लिलाव बोलायचं काम आमच्या मंडळीतले एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका करतात. आवाज खणखणीत, जिभेवर विनोद. ऊस गेला, कोंबडी गेली, चर्चच्या आकाराचा केक तीनदा गेला. मग त्यांनी बरणी उचलली. मोहन्याच्या आपल्या घरातून आलेलं लिंबाचं लोणचं, असं त्यांनी जाहीर केलं. पप्पांनी लगेच हात वर केला. कुणीतरी चढवलं, पप्पांनी आणखी चढवलं. आकडा असा गेला की बायका मागे वळून बघायला लागल्या. काकांनी तीन म्हटलं आणि पप्पा उभे राहिले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"परत लिलावाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीही हसली, सगळे हसत होते म्हणून. बरणी पुन्हा टेबलावर आली. दुसऱ्यांदा एका डॉक्टरांनी घेतली, परत केली. तिसऱ्यांदा एका तरुण जोडप्याने घेतली, आपसात काही बोलले आणि परत केली. प्रत्येक वेळी टाळ्या वाढत होत्या. मोहन्याच्या घराचा जेवढा मान करता येईल तेवढा आमची मंडळी करत होती. कोण मोठ्या मनाने परत करत होतं आणि कोण दुसऱ्याच कारणाने, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं.

मावशी हसायची थांबली होती. मी तिच्या कानाशी लागून समजावलं, की ही आमची रीत आहे, तुमच्या लोणच्याने सगळ्यांत जास्त पैसे आणले. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पैसं कळलं. पर लोणचं घरी कोण नेणार?"

मी हात वर केला. आपणच घ्यावं आणि गपचूप घरी न्यावं, एवढंच मनात होतं. काकांना वाटलं गंमत चाललीय. बघा बघा, मुलगी वडिलांवर वरचढ, असं ते म्हणाले आणि सगळं चर्च हसलं. हसण्याच्या भरात आमच्याच ओळखीच्या एका भल्या गृहस्थांनी माझ्यावर चढवलं, मी आणखी चढवलं, त्यांनी आणखी. मी रडकुंडीला आले होते आणि लोकांना वाटत होतं, काय उत्साह आहे. बरणी त्यांना सुटली. ते उठले, पप्पांकडे बघून हसले आणि तेही म्हणाले, 'परत लिलावाला!'

मावशी उभी राहिली. बाकांमधून चालत पुढे गेली. त्या रबरी चपलांचा आवाजही होत नव्हता. टेबलाशी जाऊन तिने पदर मागे टाकला आणि सगळ्यांसमोर दोन्ही तळव्यांत धरून बरणी उचलली. काका गोंधळले. मावशी, अजून चाललंय, असं काहीतरी म्हणाले.

"चालू द्या," ती म्हणाली. "पैसं तुमचं झालं. लोणचं माझी माणसं खातील."

ती दारातून बाहेर गेली. मागोमाग आजोबा आणि त्या बाई. मी गाडीपर्यंत धावले, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. आत प्रीतिभोजनाच्या पंगती मांडायला सुरुवात झाली होती.

घरी जाताना पप्पा गाडी चालवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते की आपण तर तिचा मान केला. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. माझा राग तिथे फुटला.

"पप्पा, इतकी वर्षं तुम्ही तिथे जाताय. एकदा तरी पाणी प्यालात?"

"त्यांच्या घासातलं कशाला घ्यायचं?"

"ते तुम्हाला माहीत. तिला कसं कळणार? स्टेशनच्या पुलावर पैसे टाकणारेही तिच्या हातचं घेत नव्हतेच."

पुढचा रस्ता मोकळा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी पप्पांना पुढे जायचं सुचेना. मी घाबरले, म्हटलं बरं वाटत नाही का, मी चालवते. ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन्याहून देखभालीच्या बाईंचा फोन आला. मावशीने गाठोडं बांधलंय आणि ती आवरून बसलीय, काही सांगत नाही. ज्याची मला इतकी वर्षं भीती होती ते समोर येऊन उभं राहिलं. मी पप्पांना हाक मारली. ते नाश्त्याला बसत होते, तसेच उठले. वाटेत त्यांनी गाडी वळणावर थांबवली नाही. प्रार्थना न करता ते पहिल्यांदाच त्या घरात गेले. मला तेही अशुभ वाटलं.

गाठोडं दाराशी होतं. मावशी पायरीवर बसली होती. आत बाकीच्यांची पानं मांडलेली. पप्पा नेहमी पिशव्या घेऊन आत शिरतात, आज हात मोकळे. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता माफी मागतील, भाषण करतील, काहीतरी देऊ करतील.

"मला भूक लागलीय," पप्पा म्हणाले.

मावशीने मान वर केली. "साहेब तर जेवून येत्यात."

"आज नाही आलो."

ती उठून आत गेली आणि तिने आणखी एक पान मांडलं. पप्पा खाली मांडी घालून बसले. गुडघे दुखतात, उठता येणार नाही, हे मी बोलणार होते, पण गप्प बसले. भाकरी, पिठलं. आणि मग तिने बरणी आणली. तिला झाकण फिरवता येत नव्हतं, आजोबांनी फिरवलं. एवढ्या हातांतून फिरून आलेली ती बरणी तेव्हा पहिल्यांदा उघडली. तिने पळी तळव्यांत धरून पप्पांच्या पानात लोणचं वाढलं. ब्लडप्रेशरवाल्या माणसाला एवढं मीठ, हे माझ्या मनात आलंच. पप्पांनी ती फोड भाकरीला लावून खाल्ली, बोटं चाटली आणि आणखी मागितली. सगळे जेवत होते.

हात धुतल्यावर पप्पा तिच्याकडे वळले. मागायची सवय नव्हती त्यांना.

"थोडं घरी न्यायला मिळेल?"

मावशीने बरणीत डोकावून बघितलं. आठ माणसांना पुरवायचं होतं, ते तिने आधी मनात धरलं असावं. मग एक छोटा स्टीलचा डबा काढून त्यात भरलं आणि झाकण तळव्याने दाबून बसवलं.

"शनिवारी डबा परत आणा," ती म्हणाली. "आन रिकामा आणा."

शनिवारी म्हणजे शनिवारी ती इथे असणार. मी दाराकडे बघितलं. देखभालीच्या बाईंनी गाठोडं उचलून केव्हाच आत नेलं होतं. मला तिथेच रडू आलं. मी ते लपवलं नाही.

तो आठवडा पप्पांना फार जड गेला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्यात हे पप्पा. लोणचं संपलं, डबा घासून ओट्यावर पालथा ठेवला, आणि ते येता-जाता त्याच्याकडे बघायचे. एकदा मी झाकण उघडलं तर आत काजू. मी ते काढून घेतले. दोन दिवसांनी पेढे होते. मी म्हटलं, रिकामा म्हणजे रिकामा. ते लहान मुलासारखे रागावून गॅलरीत जाऊन बसले. शनिवारी सकाळी निघताना मी पुन्हा उघडून तपासला, कारण माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता.

मोहन्याच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली आणि डोळे मिटले. डबा त्यांच्या मांडीवर होता. ह्या वेळी मी रस्त्यावर कोण बघतंय ते बघितलं नाही.

मावशी अंगणात होती. पप्पांनी डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं, आत नीट बघितलं, उलटा करून पुन्हा बघितलं. पप्पांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते ठरवून कुणाच्या तरी दारात काहीही न आणता उभे होते, आणि मावशी त्यांना म्हणत होती, "या, बसा."